अप्पा मोघ्यांचा अंगठा

अप्पा मोघे गाडी तपासायला निघाले की आधी अंगठा धुवायचे. उजव्या हाताचा. रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, मग साबण, मग कोमट पाणी, आणि शेवटी मलमलच्या एका खास तुकड्यानं कोरडा करायचा. एवढं झालं की काम संपेपर्यंत त्या हातात कुणी प्रसाद ठेवायचा नाही, कुणी हात मिळवायचा नाही, आणि त्या अंगठ्याला कुंकू तर मुळीच लागता कामा नये. एकदा आमच्या गल्लीतल्या भटजींनी कौतुकानं त्यांच्या तळहातावर पेढा ठेवला. अप्पांनी भटजींना नमस्कार केला, पेढा घेऊन घरी परत आले, तो देवापुढे ठेवला आणि पहिल्यापासून अंगठा धुतला. गाडीचा मालक तोवर गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून घामाघूम झालेला. मी त्या रिक्षात बसले होते, म्हणून मला ठाऊक.

हा खटाटोप कशासाठी, तर लोखंडावरचे आकडे वाचण्यासाठी. जुन्या मोटारी दुरुस्त करून मिरवणाऱ्या लोकांचं एक वेगळंच जग असतं. तिथे गाडी चालते की नाही हा प्रश्न नंतरचा. तिचं इंजिन, तिचा लोखंडी सांगाडा, दिवे, काचा, अगदी खिडकी खालीवर करायचा दांडासुद्धा कारखान्यातून निघाला तोच आहे की मागाहून बसवलाय, यावरून तिथे मैत्र्या तुटतात. कारखान्यानं प्रत्येक मोठ्या भागावर आपली खूण उमटवलेली असते. कुठे ओतीव अक्षर, कुठे पोलादी ठसा धरून हातोडीनं ठोकलेला नंबर. ती खूण कारखान्याची की कुणा चतुर माणसाची, हे सांगायला काशीत एकच माणूस होता आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता.

अप्पांचं घराणं शिंदे घाटावरच्या उपाध्यायांचं. वडिलांनी जन्मभर यजमानांना गोत्र विचारलं. अप्पांनी पोथी सोडून रेल्वेच्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी धरली, पण विचारायची खोड काही गेली नाही. गाडीचं झाकण उघडलं की आत वाकून म्हणायचे, "हं, बोला महाराज, गोत्र कोणतं?" मग निकाल. निकालाचे शब्द दोनच. खूण खरी असेल तर 'जन्माचा' आणि खोटी असेल तर 'जोडलेला'. मधलं काही नाही. लोक चहा पाजून, मिठाई देऊन, मुख्यमंत्र्यांची ओळख सांगून मधला शब्द काढून घ्यायला बघत. अप्पा चहा पीत आणि 'जोडलेला' म्हणत.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. अप्पांच्या हाताला कंप सुटल्यापासून नंबराचा छाप कागदावर घ्यायचं काम त्यांनी माझ्यावर लादलं. लादलं म्हणते, कारण विचारलं नव्हतंच. "मास्तरीणबाई, मऊ पेन्सिल घेऊन चला" एवढंच. नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची, की खालचे आकडे कागदावर पांढरे उमटतात. मी छाप घेत असताना अप्पा टॉर्च आकड्यांच्या अगदी बाजूला, लोखंडाला टेकवून धरत, म्हणजे खोलगट जागेत सावली पडते. आणि मग डोळे मिटून अंगठा फिरवत. "जुन्या ठशाची कड झिजलेली असते," ते सांगत. "नव्या ठशाची कड अंगठ्याला चावते. आणि एक लक्षात ठेव, कारखान्यातला कामगार आकडे ठोकताना जेवायच्या सुट्टीचा विचार करत असतो. त्याचे आकडे किंचित वाकडे येतात. चोराचे सरळ येतात. चोर बिचारा फार मन लावून काम करतो."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण ज्याच्या गाडीवर अप्पांचा अंगठा फिरत असे, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी अनेकदा पाहिलं आहे. आणि त्यांच्या जिभेनं एका माणसाचं वाटोळं होतानाही पाहिलं आहे.

तो माणूस म्हणजे रामनगरचा लल्लन मिस्त्री. पुलापलीकडे, रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान. जुन्या गाड्यांवर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यात त्यानं उभी केलेली गाडी आली. अप्पांनी अंगठा फिरवला आणि तो मध्येच थांबला. एका मालकाच्या हट्टापायी लल्लननं पुसट झालेले आकडे नव्या ठशांनी पुन्हा ठोकले होते. आकडे तेच, खोटं काही नव्हतं. लल्लन हात जोडून म्हणाला, "अप्पाजी, नंबर वही है. बस ताजा कर दिए हैं."

अप्पांनी आवाज चढवला. सगळे मालक, त्यांच्या बायका, पाहायला आलेले लोक, सगळ्यांच्या देखत. "ताजा? अरे, बाप का नाम ताजा किया जाता है क्या? जो एक अंक ठोंक सकता है, वह पूरी गाड़ी की वंशावली बदल देगा. इस आदमी के हाथ का कोई पुर्जा मेरे सामने मत लाना."

त्यानंतर मोठ्या गाड्यांनी लल्लनकडे पाठ फिरवली. तो ट्रॅक्टर आणि टेंपो दुरुस्त करू लागला. मला अप्पांचा त्या दिवशी फार राग आला होता. चूक सांगायची असते, माणूस सोलायचा नसतो. मी तसं बोलूनही दाखवलं. अप्पांनी मलमलचा तुकडा झटकून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

लल्लनकडे एकच जुनी गाडी येत राहिली, ती इंदूताई वझ्यांची. गडद हिरव्या रंगाची, लांब नाकाची, विलायती. डॉक्टर वझ्यांनी ती स्वातंत्र्यानंतर देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. डॉक्टर म्हणजे अप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. त्या गाडीतून त्यांनी शहरातल्या अर्ध्या रुग्णांची घरं पालथी घातली. डॉक्टर गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली, इंजिन जाम झालं, कागदांची मुदत संपली. इंदूताई दुपारी तिच्या मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचत. मग एक दिवस त्यांच्या मनानं घेतलं की गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. गाडी लल्लनकडेच जाणार, असं त्यांनी अप्पांच्या तोंडावर सांगितलं. "माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या कुणाला तिला हात लावू दिला नाही. मीही देणार नाही. तुम्हाला रुसायचं तर रुसा, अप्पा भावजी."

अप्पा रुसले. लल्लनच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. लल्लननं मात्र जीव ओतून गाडी उभी केली.

कागद नव्यानं करायचे म्हणून परिवहन खात्याचे इन्स्पेक्टर गाडी तपासायला दुकानात आले. माणूस हुशार आणि जुन्या गाड्यांचा शौकीन. त्यांनी सांगाड्यावरचा नंबर पाहिला, टॉर्च आडवी धरली, आणि शेवटच्या आकड्यावर त्यांची नजर अडली. शेवटी सात होता. कागदातही सातच होता. पण बाकीचे आकडे एका ठशाचे आणि हा सात दुसऱ्याच.

असा एक आकडा वेगळा निघाला की काय होतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कागद खऱ्या गाडीचे आणि लोखंड दुसऱ्या, चोरीच्या गाडीचं, अशी ती जुनी युक्ती आहे. चोरीच्या गाडीचा एखादा आकडा बदलला की काम भागतं. म्हणजे डॉक्टरांची खरी गाडी विकून खाल्ली आणि तिच्या जागी चोरीची उभी केली, असा सरळ संशय लल्लनवर. तो खरा ठरला तर गाडी जप्त, दुकानाला टाळं आणि लल्लन कोठडीत.

"हम हाथ नहीं लगाए हैं, साहब," लल्लन म्हणाला. "जैसा मिला था, वैसा ही है."

"तुम्हारा पुराना किस्सा हमको मालूम है," इन्स्पेक्टर म्हणाले. "मोघेजी ने सबके सामने कहा था. उन्हीं को बुलाते हैं. वह जो बोलेंगे, हम मान लेंगे."

निरोप आला तेव्हा मी अप्पांच्या ओसरीवर बसले होते. शेवटच्या आकड्याचं ऐकून ते उठले आणि काही न बोलता अंगठा धुवायला गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतला. मला वाटलं, शत्रूच्या दुकानात जायचं म्हणून तयारी चालली आहे.

शेडमध्ये गाडीचं झाकण उघडलेलं होतं. इन्स्पेक्टर, एक हवालदार, लल्लन आणि त्याची बायको. लल्लननं अप्पांना पाहिलं आणि मान खाली घातली. आपला निकाल लागला असंच त्यानं धरलं असावं. मी छाप घेतला. अप्पांनी या खेपेला गोत्र विचारलं नाही. डोळे मिटले, अंगठा पहिल्या आकड्यावर ठेवला आणि सावकाश पुढे नेला. सातावर येऊन तो थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि न पुसताच खिशात घातला. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"कहिए मोघेजी. जनम का है कि जोड़ा हुआ?" इन्स्पेक्टरांनी अप्पांचेच शब्द वापरले.

"कल बताता हूँ."

"आपको भी कल?" इन्स्पेक्टर चकित झाले. हवालदाराकडे वळून म्हणाले, "ठीक है. तब तक दुकान बंद. मिस्त्री कहीं जाए नहीं. कल सुबह जीप लेकर आना."

लल्लनच्या बायकोनं पदर तोंडात धरला. लल्लन अप्पांकडे बघत राहिला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी अप्पांनी मला भोसले घाटाच्या पायऱ्यांवर बोलावलं. पूर ओसरत होता, खालच्या पायऱ्यांवर गाळ होता, आणि तो उपसणाऱ्या माणसांचा आरडाओरडा चालला होता. त्यांनी माझ्याकडून छापाचा कागद मागून घेतला, मांडीवर पसरला आणि सातावर बोट ठेवलं.

"हा माझा आहे."

मला कळेना. "तुमचा म्हणजे?"

"मी ठोकला. रेल्वेच्या ठशानं. याच्या पायाशी बघ, बारीक खाच आहे. माझ्या पेटीतल्या सातालाच ती आहे. तपासून पास केलेल्या मालावर मी याच ठशांनी आकडे मारायचो. कारखान्यानं संच मोडीत काढला, मी घरी आणला."

मग त्यांनी सांगितलं. इंदूताई दर खंडेनवमीला गाडीची पूजा करायच्या. डॉक्टरांनी लग्नानंतर गमतीनं झाकण उघडून त्यांना नंबर दाखवला होता आणि म्हटलं होतं, हे हिचं कपाळ, इथे कुंकू लाव. त्या बाजूनं वाकत, हात लांब करत, तो पोचायचा शेवटच्या आकड्यापर्यंत. गंगेच्या पाण्यात कालवलेलं ओलं कुंकू त्या वर्षानुवर्षं तिथेच लावत आल्या. ते कुणी पुसायचं नाही, कारण कुंकू पुसत नाहीत. खाली लोखंड गंजत गेलं आणि एक दिवस डॉक्टरांच्या लक्षात आलं की शेवटचा आकडा उरलेलाच नाही.

"मला बोलावलं," अप्पा म्हणाले. "म्हणाला, इंदूला कळलं तर ती पुन्हा गाडीला हात लावायची नाही. तू काहीतरी कर. मी गंज खरवडला, सात धरला, एक घाव घातला. पास. दोघंही चहा प्यायलो. त्यात गैर काही आहे असं मला वाटलंसुद्धा नाही."

"आणि लल्लनला चारचौघांत बोललात, ते याच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"तेव्हा हा सात आठवला नाही तुम्हाला?"

"आठवला ना. बोलायला लागल्याबरोबर आठवला," ते म्हणाले. "म्हणूनच इतका ओरडलो."

मला इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. पण ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. या जातीच्या गाड्यांच्या पुढच्या सीटखाली लाकडी फळी असते. गाडी बांधताना फळी दुसऱ्या गाडीत जाऊ नये म्हणून कारखान्यात तिच्या पोटाशी सांगाड्याचे शेवटचे आकडे ठोकून ठेवत. ती फळी उलटी केली की खरा सात दिसणार. गाडी डॉक्टरांचीच हे सिद्ध होणार.

"मग झालं की," मी म्हटलं. "सुटली गाडी."

"लाकूड गाडीला सोडवील. लल्लनला नाही. गाडी खरी असली तरी सात कुणीतरी ठोकलाय, हे राहतंच. आणि ठोकणारा कोण, ते मीच आधी सांगून ठेवलंय सगळ्या शहराला."

"उद्या काय सांगणार आहात?"

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "सकाळी ये. हा घेऊन ये." याहून जास्त काही बोलायला तयार नव्हते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एका बाजूला साऱ्या गावात मिरवलेला अंगठा, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री. अप्पा यातलं काय वाचवतील हे मला खात्रीनं सांगता आलं नसतं. इतकी वर्षं समोरासमोर राहून सांगता येऊ नये, याचंही वाईट वाटत होतं.

सकाळी अप्पांच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, कधीच बाहेर पडले. मी एकटीच रामनगरला गेले. शेडमध्ये इन्स्पेक्टर आलेले होते. हवालदारांची जीप कडुलिंबाच्या झाडाखाली उभी होती. अप्पांचा पत्ता नव्हता.

इन्स्पेक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. लल्लननं आपला तेलकट सदरा काढून खुंटीला लावला आणि धुतलेला घातला. कमरेची किल्ली बायकोच्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "कंप्रेशर का पानी निकाल देना, नहीं तो टंकी सड़ जाएगी." तिनं मान डोलावली. हवालदार पुढे झाला. मी त्या वेळी तोंड उघडायच्या बेतात होते. अप्पांना बुडवायचं तर बुडवायचं, असं माझं ठरलं होतं. तेवढ्यात दारात टेंपो थांबला.

आधी इंदूताई उतरल्या. मागून अप्पा, काखेत एक लाकडी पेटी. ते इंदूताईंना आणायला गेले होते. टेंपोत त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते, असं इंदूताईंनी मला नंतर सांगितलं.

अप्पांनी पेटी बाकावर ठेवून उघडली. आत पोलादी ठसे ओळीनं लावलेले होते. त्यातला सात काढला. जवळ पडलेला शिशाचा तुकडा ओढला आणि लल्लनकडे हात पसरला. "हथौड़ी दे."

लल्लननं हातोडी दिली. अप्पांनी घाव घातला. हात थरथरत होता, पण सात नीट उमटला. शिसं त्यांनी इन्स्पेक्टरांच्या हातात दिलं, मला कागद पुढे करायला सांगितलं आणि म्हणाले, "मिलाइए. पाँव के पास खाँच देखिए."

इन्स्पेक्टरांनी भिंग लावलं. शिशावरचा सात, कागदावरचा सात, गाडीवरचा सात. तिन्हींच्या पायाशी तीच खाच.

"यह तो एक ही ठप्पा है."

"मेरा है. मैंने ठोंका है. डॉक्टर साहब के जीते जी. लल्लन का इसमें कुछ नहीं." मग निकाल दिला. "जोड़ा हुआ है."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तो त्यांनी स्वतःच्या हातच्या आकड्याला लावला.

मग त्यांनी लल्लनला सीट काढायला सांगितली. फळी निघाली. लल्लननं ती उलटी करून पुसली. धुळीखाली आकडे होते, किंचित वाकडे, आणि शेवटी सात, पायाशी खाच नसलेला. इन्स्पेक्टरांनी त्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. गाडी डॉक्टरांचीच होती. पण त्यांचा एक प्रश्न उरला होता.

"मोघेजी, बाकी सब अंक साफ हैं. यही एक कैसे मिटा?"

"जंग लगा था."

"जंग एक ही अंक को लगता है क्या?"

अप्पांनी सातचा ठसा जागेवर ठेवून पेटी मिटली. आणि मग इंदूताई, ज्या आतापर्यंत दारापाशीच होत्या, गाडीजवळ आल्या. उघड्या झाकणाखाली वाकल्या, नेहमीच्या बाजूनं, हात लांब केला. बोट जिथे टेकलं तिथेच ते टेकून राहिलं.

"माझं कुंकू," त्या म्हणाल्या.

"कुंकवानं नाही, इंदू," अप्पा घाईनं म्हणाले. "पाण्यानं. पाण्याचं काम आहे ते."

"आमच्या यांना माहीत होतं?"

"त्यानंच बोलावलं होतं मला. तुला कळू द्यायचं नव्हतं."

इंदूताईंनी डोळ्यांना पदर लावला. इन्स्पेक्टरांना मराठी समजत नव्हतं. मी त्यांना थोडक्यात सांगितलं, कुंकू, गंगाजल, दर वर्षीची पूजा. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा इंदूताईंकडे, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "अब गंगाजल पर मुकदमा कौन लिखेगा?" ते म्हणाले. हवालदार जीपकडे परत गेला.

अप्पांकडून मात्र सगळं लेखी घेतलं गेलं आणि ठशांची पेटी जमा झाली. निघण्याआधी अप्पा लल्लनपुढे उभे राहिले. "उस दिन जो कहा था, सबके सामने कहा था," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना जमेना.

लल्लननं बायकोकडून किल्ली परत घेतली. "आप सही कहे थे, अप्पाजी. हम ठोंके थे तो ठोंके थे. गलत था." किल्ली कमरेला खोचत म्हणाला, "बाकी चिल्लाए बहुत थे आप."

"हाँ," अप्पा म्हणाले. "बहुत."

गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. मेळाव्यांची बोलावणी बंद झाली. ज्यांच्या गाड्यांना त्यांनी कधीकाळी 'जोडलेला' म्हटलं होतं, त्यातला एक जण पानाच्या ठेल्यावर अप्पांना पाहून मोठ्यानं म्हणाला, "लो भई, जोड़ा हुआ आ गया." अप्पांनी पान घेतलं आणि घरी आले. मलमलचा तुकडा ओसरीच्या दोरीवर टांगलेला असायचा, तो तसाच राहून पिवळा पडला. त्याच्याकडे बघून मला भरून यायचं, पण अप्पांपुढे दाखवायची सोय नव्हती.

नवरात्र आलं. गाडी अजून लल्लनच्याच दुकानात होती, रंगाचं थोडं काम राहिलं होतं. खंडेनवमीला इंदूताईंनी आम्हा दोघांना तिथे बोलावलं. झेंडूची माळ, नारळ, तबक, सगळं होतं. झाकण उघडलं. पण तबक हातात घेऊन इंदूताई चार हात दूरच उभ्या राहिल्या. "फुलंच वाहते," म्हणाल्या. "कुंकू नको."

अप्पा शेडमध्ये इकडे तिकडे बघत होते. लल्लनच्या जुन्या लेथ मशीनवर शेंदराचा जाड थर होता, वर्षानुवर्षांच्या विश्वकर्मा पूजेचा. अप्पा त्याच्याजवळ गेले, नखानं कडेचा टवका काढला आणि खालचं लोखंड बघितलं. ते चकचकीत होतं.

"लल्लन, इसमें क्या मिलाते हो?"

"कड़ुआ तेल, अप्पाजी. हमेशा से. पानी नहीं छुआते."

"थोड़ा दे."

लल्लननं वाटीत मोहरीचं तेल दिलं. अप्पांनी तबकातलं कुंकू डाव्या तळहातावर घेतलं, त्यावर तेल ओतलं आणि उजव्या अंगठ्यानं ते मळू लागले. त्या अंगठ्यानं. चांगलं एकजीव झाल्यावर त्यांनी तळहात इंदूताईंपुढे धरला.

"घे, इंदू. आता लाव. तिथेच लाव."

इंदूताईंनी बोट बुडवलं. वाकल्या, हात लांब केला आणि सातावर टिळा लावला. मग बाकीच्या आकड्यांनाही लावला, एकेक करून. लल्लनच्या बायकोनं नारळ फोडला.

त्या हिवाळ्यात माझी सून बाळंत व्हायची होती, म्हणून मी मुलाकडे नागपूरला गेले आणि मग तिथलीच झाले. अप्पांचं पुढचं सगळं मला पत्रातून कळलं. पण माझ्यापाशी राहिलेले अप्पा त्या खंडेनवमीच्या संध्याकाळचे आहेत. आम्ही टेंपोतून उतरून गल्लीत शिरलो. मी रुमाल पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे." अंगठा लाल तसाच होता. देवळाच्या पायरीवर तेच भटजी बसले होते. त्यांनी अप्पांना पाहिलं, पेढा उचलला, मग जुनी आठवण होऊन हात आखडता घेतला.

अप्पांनी आपण होऊन उजवा हात पुढे केला. पेढ्याला कुंकू लागलं. अप्पांनी तो गल्लीच्या मधोमध उभं राहून खाल्ला आणि हात न धुता घरात गेले.